पायाळूचं पथ्य

आमच्या शाळेतली खेळाची शिक्षिका संयोगिता थोरात हिला बसता येत नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पंख्याखालच्या खुर्च्या पटकावून चहाची वाट बघत असतो, आणि ही बाई कपाट ते खिडकी, खिडकी ते कपाट अशा येरझाऱ्या घालत असते. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी मराठी शिकवते आणि वह्या तपासताना मला शांतता लागते. "बस गं बाई जरा, माझे डोळे फिरायला लागले," असं मी तिला इतक्यांदा म्हटलंय की आता ती ते ऐकूनही घेत नाही.

कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. कॉलेजात ती सॉफ्टबॉलची पिचर होती. पाठ दुखत असताना ती तशीच खेळत राहिली, कमरेच्या मणक्याला चीर गेली आणि ती काही नीट जुळली नाही. जास्त वेळ बसली की कमरेत कळ निघते, म्हणून ही चालत असते. आणि आधीपासूनच स्वभावही तसलाच, घाईचा. बोलायला लागली की समोरच्याचं वाक्य हीच पुरं करणार.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती गावात सगळ्यांना माहीत आहे. संयोगिता पायाळू आहे. जन्मताना ती पायाकडून आली. आमच्याकडं कुणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. पालथं पडायचं, पायाळूनं पाठीवरून पाय उतरवायचा, उसण निघाली. लहानपणी दर शनिवारी अनशापोटी तिच्या दारात माणसं बसलेली असायची. लपंडावात छान लपलेली असली तरी आई हात धरून ओढून आणायची आणि कुणा काकाच्या पाठीवर पाय ठेवायला लावायची. तिला त्याचा भयंकर राग. गावातली टवाळ माणसं अजून म्हणतात, "समद्या गावाच्या पाठी बऱ्या केल्या, पण सोताच्या पाठीला सोताचा पाय कसा पोचायचा?" ती हसत नाही. शिक्षिका होऊन गावात परतली त्या दिवसापासून तिनं कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. आमदाराच्या मेव्हण्यालाही परत पाठवलं.

वाळवा तालुक्यातलं आमचं गाव. ऊस, ट्रॅक्टर, आणि घराघरात एखादा फौजेत. इथं मुलींचा सॉफ्टबॉल संयोगितानं रुजवला. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर बरं म्हणून हेडमास्तरांनी मला संघाची मॅनेजर केलं आणि स्कोअरशीट माझ्या गळ्यात मारलं. उन्हातान्हात बसून मी इतकं शिकले, की सगळा खेळ पिचरवर असतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. हात खांद्याभोवती रहाटासारखा गरकन फिरवायचा आणि चेंडू मांडीजवळून सोडायचा. हात खालून जातो, म्हणून पिचरला कितीही राबवलं तरी काही होत नाही, असं भले भले कोच समजतात. संयोगिताला ते ऐकलं की मिरच्या झोंबतात. पाय पुढं आपटतो, धड मागं ताणलं जातं, मग फिरतं, आणि तो सगळा झटका कमरेत जातो. वाढत्या वयाच्या मुलीचं हाड अजून कच्चं असतं. म्हणून तिच्याकडं एक दिवस पिचिंग तर एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पोरी कोपरांवर फळीसारख्या ताठ राहायच्या, उताण्या पडून कंबर उचलायच्या, मांडीच्या मागच्या शिरा ताणायच्या. आणि एक नव्हे, दोन पिचर तयार ठेवायच्या.

आमच्या दोन पिचर म्हणजे राजनंदिनी आणि श्रद्धा. अकरावीतली राजनंदिनी, तिचा चेंडू दिसायचा कमी आणि कॅचरच्या हातमोज्यात फाट्कन वाजायचा जास्त. श्रद्धा सांगलीहून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांची मुलगी. शहाणी, गप्प, आणि चेंडू कुठं जाईल ते तिलाही ठाऊक नसायचं.

राजनंदिनीचे वडील मानसिंग फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. मुलीनं राज्याच्या संघात जावं, खेळाडूंच्या जागेतून पोलिसात भरती व्हावं, अंगावर वर्दी यावी, हा त्यांचा ध्यास. वाईट माणूस मुळीच नव्हे. मुलगी खेळते म्हणून भावकी कुजबुजली, तेव्हा भर चावडीत सगळ्यांना गप्प केलेला बाप. पण संयोगिता सुट्टी देते ते त्यांना पटेना. ऊस तुटून गेलेल्या तुकड्यात त्यांनी स्वतः अंतर मोजून पिचरच्या पायाखालची पट्टी बसवली, बांधावरच्या आंब्याला पोतं बांधलं, आणि पहाटे मुलीला उठवून त्या पोत्यावर चेंडू मारायला लावायचे. म्हणजे शाळेत सुट्टी आणि रानात ड्यूटी. आम्हाला पत्ता नाही.

दिवाळी झाल्या झाल्या जिल्हा आम्ही जिंकला. सगळे सामने राजनंदिनीनं काढले. पुढची विभागीय स्पर्धा साताऱ्याला होती आणि तिथूनच राज्याची निवड होणार होती. गावात फलक लागले. आणि त्याच आठवड्यात संयोगिताच्या येरझाऱ्या वाढल्या. मी म्हटलं, "आता काय झालं? जिंकलो ना?" ती म्हणाली, "राजनंदिनी बुटाची नाडी वाकून बांधत नाही. पायरीवर पाय ठेवून बांधते."

तिनं पोरीला एका पायावर उभं केलं आणि मागं वाकायला सांगितलं. उजव्या पायावर काही नाही. डाव्या पायावर वाकली आणि तोंड एवढंसं झालं. कुठं दुखतं विचारल्यावर तिनं कमरेच्या डाव्या बाजूला एकच बोट ठेवलं. संयोगिता माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नुसते स्नायू दुखले असते तर तिनं सगळा तळहात फिरवला असता, विनोदिनीताई. शेकून, चार दिवस थांबून भागलं असतं. ही बोटानं दाखवते."

दुसऱ्याच दिवशी ती राजनंदिनीला आणि मानसिंगना घेऊन सांगलीला डॉक्टरांकडं गेली. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, चीर अजून पडलेली नाही. आता थांबली तर भरून येईल. नाही थांबली तर पाठ जन्माची गेली म्हणा. संक्रांतीपर्यंत तरी चेंडूला हात नको, मग हळूहळू. मानसिंगनी सगळं सावधान उभं राहून ऐकलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "डाक्टर लोकं घाबरवत्यात वो. फौजेत दर्द म्हणलं की हसत्यात. दुखतंय म्हणजे बॉडी तयार हुतीया."

पहाटेची ड्यूटी तेव्हा, त्यांच्याच तोंडून, संयोगिताला कळली. ती किती भडकली असेल ते मी सांगत नाही. चार दिवस ती त्यांच्या घरी जात होती आणि समजावत होती. स्वतःच्या पाठीचं सांगितलं, जुने एक्स-रे दाखवले. मानसिंगनी चहा पाजला, मान हलवली, आणि पोतं काही काढलं नाही. हेडमास्तरही तिलाच म्हणाले, "सातारा तेवढं होऊन जाऊ दे, मग हवी तेवढी विश्रांती द्या." मलाही मनातून तसंच वाटत होतं. फलक लागलेले होते हो.

सोमवारी सामना. शनिवारी सकाळी संघाचे पोशाख वाटायचे म्हणून मी संयोगिताच्या घरी गेले होते. तिचा नवरा शिरवळच्या कारखान्यात, तो रविवारचाच येतो. घरात आम्ही दोघी आणि पोशाखांचे गठ्ठे. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. मानसिंग, मागं राजनंदिनी, आणि दुसऱ्या गाडीवर त्यांचे चुलते गुंडाआप्पा. मानसिंगनी आत येऊन टोपी काढली.

"मॅडम, पाया पडतो. एकडाव पाय लावा. सोमवारी पोरगी उभी ऱ्हायला पायजे."

"मी पाय लावत नाही. तुम्हाला माहितीय. आणि ही उसण नाही."

"पाठीतच दुखतंय न्हवं? मग उसणच की."

"रिपोर्ट वाचलात ना तुम्ही?"

"रिपोर्ट काय, कागूद हाय."

गुंडाआप्पा खुर्चीत बसून म्हणाले, "आगं संयोगिता, मी ऊस भरताना पाठीत धरलो हुतो, तवा तूच पाय लावलास. फ्रॉकात हुतीस. दुसऱ्या दिवशी मी औतावर."

"आप्पा, तुमचं तसंही बरं झालं असतं."

"मग हिचं बी कर की तसंच."

राजनंदिनी दाराशी उभी होती, जमिनीकडं बघत. मला वाटलं, पोरीला खेळायचंय, तिला ही सगळी मोठी माणसं आडवी येतायत. संयोगिता खोलीत फेऱ्या मारत होती आणि नाही, नाही म्हणत होती. शेवटी मानसिंग उठले. "ऱ्हाऊ द्या मॅडम. जबरदस्ती न्हाई. माधवनगरला एक पायाळू हाय. त्यो तर पाठीवर उभाच ऱ्हातोय म्हणत्यात. आजच्या आज जाऊन येतो."

संयोगिता थांबली. धिप्पाड बाप्या माणूस त्या पोरीच्या पाठीवर उभा राहिलेला मलाही डोळ्यांपुढं दिसला.

"थांबा," ती म्हणाली. "मी लावते."

आणि तिची भाषाच बदलली. शाळेत पुस्तकी बोलणारी बाई, आईच्या अंगणात बोलावं तशी बोलायला लागली. "सतरंजी घाला. पोरी, पालथी पड. काय खाल्लं न्हाईस न्हवं? आन् तुमी दोघं तिकडं तोंड करा. पाय लावताना बघायचं नसतंय."

हा नियम मी तरी आजवर ऐकला नव्हता. पण एक हवालदार आणि एक ऐंशीचे आप्पा निमूट भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले. संयोगितानं उजवा पाय उचलला, राजनंदिनीच्या पाठीवर नेला, आणि वरच धरला. टाच आणि कंबर यांच्यामध्ये माझी वही बसली असती. तसाच पाय हवेतून खाली उतरवला. तीनदा असं केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला सुचत नव्हतं. ज्या गोष्टीचा जन्मभर तिटकारा केला, ती करायला लागत होती, आणि तीही खोटी.

मग डोळे पुसून तिनं त्यांना वळायला सांगितलं. "आता पथ्य."

"पथ्य?" मानसिंग म्हणाले.

"मग? पाय लावून घेतला आन् पथ्य न्हाई, असं कुटं असतंय व्हय? म्हणून तर लोकांना गुण येईना झालाय." ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "संक्रांतीपतूर चेंडूला हात लावायचा न्हाई. मागं वाकायचं न्हाई. पळायचं न्हाई, वज्जं उचलायचं न्हाई. डाक्टर शिकवतील तेवढाच व्यायाम, आन् त्यो रोज करायचा. संक्रांतीनंतर मी बघनार, डाक्टर बघनार, मग चेंडू."

"आन् सोमवार?"

"सोमवारी ती बाकावर बसनार."

"आन् पथ्य मोडलं तर?"

"मोडलं तर उसण कायमची बसती. मग माधवनगरचा येऊ दे, न्हाईतर दिल्लीचा. कुनाचाच पाय लागू पडत न्हाई."

एमआरआयसमोर न डगमगलेला माणूस त्या सतरंजीसमोर मटकन खाली बसला. आणि गुंडाआप्पांनी वर आणखी भर घातली. "व्हय व्हय. पथ्य असतंय. माज्या आज्ज्यालाबी सांगितलं हुतं." आप्पांच्या आज्ज्याला असलं कुणी काही सांगितलं नसणार, हे मी पैजेवर सांगते.

साताऱ्याला राजनंदिनी बाकावर बसली. तिच्या शेजारी मानसिंग, जणू पहाऱ्यावर. बॅटला हात लावला तरी खेकसायचे, "पथ्य!" पहिला सामना आम्ही कसाबसा जिंकला, दुसरा हरलो. दोन्ही सामने सगळेच्या सगळे श्रद्धानं टाकले. स्कोअरशीट भरता भरता माझा हात दुखून आला. पण आम्हा सगळ्यांचं लक्ष बाकाकडं होतं. राजनंदिनी रडते का, बाप उठून तिला मैदानात ढकलतो का, या धास्तीनं संयोगिता सीमेच्या दोरीजवळून सारखी मागं वळून बघत होती. राज्याची निवड गेली ती गेलीच. हेडमास्तरांनी आठवडाभर संयोगिताशी अबोला धरला, आणि फलक मात्र कुणी काढेना.

पुढचे दिवस फार वाईट गेले. एकदा पाय लावल्याची बातमी फुटल्यावर शनिवारी तिच्या दारात पुन्हा माणसं. तिनं प्रत्येकाला पथ्य लावून दिलं. ट्रॅक्टरवाल्याला, तासातासाला खाली उतरायचं. शिवणकाम करणाऱ्या बाईला, मशीनपुढची खुर्ची बदलायची. पाय ती कुणालाच टेकवत नव्हती, आणि भिंतीकडं तोंड करायचा नियम मात्र गावभर पक्का झाला होता. "मी हे काय करून बसले?" असं मला विचारायची आणि उत्तर न ऐकता पुढं चालू लागायची. पहाटे स्कूटर काढून मानसिंगांच्या रानावरून चक्कर मारायची. पोतं अजून आंब्यालाच आहे, असं एकदा सांगत आली आणि दिवसभर कपाट ते खिडकी करत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागं बसून गेले. पोतं होतं. त्याच्या खाली घोंगडी अंथरून बाप-लेक दोघंही कोपरांवर फळीसारखे ताठ. हवालदारच आधी कोसळत होता.

संक्रांत झाली. सांगलीला पुन्हा तपासणी झाली, हाड भरून आलं होतं. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला सांगितलं. आधी जवळून, हलके, थोडेच चेंडू, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी राजनंदिनीनं चेंडू टाकला तेव्हा संयोगितानं डोळे मिटून घेतले होते. चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज ऐकून उघडले. मानसिंग मैदानाच्या कडेला हात जोडून उभे होते, आणि तो नमस्कार संयोगिताच्या पायांना होता. तिला ते सहन झालं नाही.

त्या संध्याकाळी सामान आवरताना ती राजनंदिनीला म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"पाय टेकला न्हवता," राजनंदिनी म्हणाली. "ठावं हाय मला. पाठ माझीच हाय की मॅडम."

संयोगितानं हातातलं सामान खाली ठेवलं. "मग वडलांना का नाही सांगितलंस?"

"कशाला सांगू? मलाबी थांबायचंच हुतं. दिवाळीच्या आधीपासनं दुखत हुतं. आमच्या घरात दुखतंय म्हणायची सोयच न्हाई. कुनीतरी थांब म्हणावं, म्हणून वाट बघत हुते."

संयोगिताला राग आला. खरोखरच राग आला. "अगं, मी रोज विचारत होते! रोज खेळ सुरू व्हायच्या आधी विचारते की नाही, कुणाचं काही दुखतंय का म्हणून?"

"व्हय, लायनीत विचारता," राजनंदिनी म्हणाली. "समद्यांच्या म्होरं. तवा समद्या मिळून 'न्हाई मॅडम' म्हणत्यात. मी एकटी व्हय कशी म्हणू?"

रात्री संयोगितानं मला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तेच बोलली, की इतकी वर्षं ही चूक तिच्या लक्षातच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ओळ केलीच नाही. सामानाच्या खोलीमागं, लिंबाखाली, एकेका मुलीला बोलावलं. दुसरं कुणी ऐकू नये म्हणून बाकीच्यांना माझ्या ताब्यात देऊन लांब बसवलं. मुली जात होत्या, येत होत्या, मी त्यांच्याकडून उगाच मैदान झाडून घेत होते. एकीला जास्तच वेळ लागला तेव्हा मला राहवेना, आणि मी तिकडं गेले.

श्रद्धा उभी होती. आमची शहाणी, गप्प श्रद्धा. तिनं सदरा थोडा बाजूला करून कमरेवर एकच बोट ठेवलं होतं, आणि संयोगिता तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून त्या बोटाकडं बघत होती.

"केव्हापासून?" संयोगितानं विचारलं.

"साताऱ्यापासून, मॅडम," श्रद्धा म्हणाली.